‘ळ’ची जागा

शब्दांची यादी अकारविल्हे लावणे हे कोशकारांचे, सूचीकारांचे आणि ग्रंथपालांचे काम, अशी आपली जुनी समजूत आहे. गेल्या तीसएक वर्षांत हे काम त्यांच्या हातून बरेचसे निसटले. जालावरची एखादी ग्रंथसूची आपण उघडतो, परीक्षेचा निकाल पाहतो, पारिभाषिक शब्दांचा संग्रह चाळतो, तेव्हा समोर आलेला क्रम बहुधा कोणा माणसाने लावलेला नसतो. पडद्यामागे एक लहानशी आज्ञा धावून गेलेली असते. बहुतेक संगणकभाषांत तिचे नाव ‘सॉर्ट’ असे आहे. ती कोणत्या नियमाने शब्द मांडते, हा प्रश्न साहित्याचे अभ्यासक क्वचितच विचारतात. आमच्या मते तो विचारायला हवा. कारण त्याचे उत्तर तंत्राइतकेच भाषेच्या इतिहासात आहे, आणि ते थेट आपल्या ‘ळ’पर्यंत येऊन पोचते.

ह्या इतिहासाचा आरंभ जालाच्या पुष्कळ आधीचा आहे, आणि तो एका शब्दकोशापाशी होतो ही गोष्ट आम्हांला विशेष वाटते. १९५९-६०च्या सुमारास टोनी होअर हे तरुण इंग्रज अभ्यासक मॉस्को विद्यापीठात होते. त्यांचे पदवीचे शिक्षण ऑक्सफर्डला, ग्रीक-लॅटिन वाङ्मय आणि तत्त्वज्ञान ह्या विषयांत झालेले. रशियन भाषा ते नौदलातील सक्तीच्या सेवेच्या काळात शिकलेले. रशियनमधून इंग्रजीत यांत्रिक भाषांतर करण्याचा विचार तेव्हा जोरात होता. रशियन-इंग्रजी कोश चुंबकीय फितीवर वर्णक्रमाने नोंदलेला असे, आणि फीत पुस्तकासारखी हवी तिथे उघडता येत नाही. ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकवावी लागते. भाषांतर करायच्या वाक्यातले शब्द आधी वर्णक्रमाने लावून घेतले, तर फितीच्या एकाच फेरीत सगळ्यांचे अर्थ हाती येतात. मग वाक्यातले शब्द झटपट क्रमाने कसे लावावेत? ह्या अडचणीतून जी रीत त्यांना सुचली ती ‘क्विकसॉर्ट’.

रीत शिक्षकांना ओळखीची वाटावी अशी आहे. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा बैठक क्रमांकाने लावायचा असेल, तर मधलीच एक पत्रिका उचलावी. तिच्याहून लहान क्रमांकाच्या पत्रिका डावीकडे, मोठ्या उजवीकडे टाकाव्यात. मग दोन्ही ढिगांवर तीच क्रिया करावी, आणि ढीग एकेका पत्रिकेचे होईपर्यंत करीत राहावे. इंग्लंडला परतल्यावर होअर एलियट ब्रदर्स ह्या संगणक बनवणाऱ्या कंपनीत लागले. आपल्याला प्रचलित रितीहून जलद रीत ठाऊक आहे, ह्यावर त्यांच्या वरिष्ठांनी सहा पेन्सची पैज लावली आणि ते ती हरले. १९६१मध्ये ही रीत प्रसिद्ध झाली.

क्विकसॉर्टला एक गोष्ट अजिबात ठाऊक नसते : दोहोंतले लहान कोणते आणि मोठे कोणते. ते तिला बाहेरून सांगावे लागते. होअर यांच्यापुढे रशियन वर्णमाला आणि प्रत्यक्ष कोश होता, म्हणून त्यांना प्रश्न पडला नाही. पुढे रीत वेगळी झाली आणि तुलना वेगळी झाली. रितीवर संगणकशास्त्राने अपार परिश्रम घेतले. तुलना मात्र ‘हे तर उघडच आहे’ म्हणून सोडून दिली गेली. सगळी गफलत त्या उघड वाटण्यात आहे.

आता जालाकडे येऊ. १९९५च्या मे महिन्यात ब्रेंडन आइक यांनी नेटस्केप कंपनीसाठी दहा दिवसांत एका भाषेचा पहिला आराखडा तयार केला. तीच पुढे जावास्क्रिप्ट म्हणून ओळखली गेली. पुढच्या वर्षी, १९९६मध्ये, नेटस्केपच्या तिसऱ्या आवृत्तीबरोबर त्या भाषेतल्या ‘ॲरे’ला सॉर्ट ही आज्ञा मिळाली. ॲरे म्हणजे क्रमांक दिलेल्या खणांची रांग, टपालखात्यात पत्रे वर्गवार टाकण्याचे खण असतात तशी. खणात काय ठेवावे ह्यावर बंधन नाही : एकात आकडा, दुसऱ्यात शब्द, तिसऱ्यात आणखी एक रांग. असे भिन्न जातीचे ऐवज परस्परांशी ताडून पाहायचे कसे? जावास्क्रिप्टने उत्तर दिले की वेगळे काही सांगितले नसेल, तर सगळ्यांना मजकूर समजा आणि अक्षरशः अक्षरवार ताडा.

परिणाम नवशिक्याला चकित करतो. ९, ८०, ७००, ४० हे आकडे सॉर्टच्या हवाली केले की ते ४०, ७००, ८०, ९ असे परत येतात. कारण ‘चार’ हा अंक ‘सात’च्या आधी, ‘सात’ हा ‘आठ’च्या आधी, आणि आकड्याची किंमत कोणी विचारलेलीच नाही. आमच्या मते ह्याला निव्वळ चूक म्हणणे बरोबर नाही. त्या काळचे जाल कागदासारखे होते. पानावरच्या रकान्यांतून येणारा प्रत्येक ऐवज मजकूरच असे. म्हणून मजकूर हा समान छेद मानला गेला. ज्याला निराळा क्रम हवा त्याने तुलना करणारी स्वतःची आज्ञा लिहून द्यावी, अशी सोय केलेली होती : दोन ऐवज घ्यायचे, पहिला आधी यायचा असेल तर ऋण संख्या सांगायची, नंतर यायचा असेल तर धन, आणि दोन्ही सारखे असतील तर शून्य. ही पद्धत जुन्या सी भाषेपासून चालत आलेली आहे.

पण ‘अक्षरवार ताडा’ म्हणजे काय? संगणकापाशी अक्षरे नसतात, अक्षरांचे क्रमांक असतात. लहान क्रमांकाचे अक्षर आधी, इतकाच त्याचा वर्णक्रम. १९६०च्या दशकात घडलेल्या आस्की ह्या अमेरिकी संकेतात इंग्रजीची सगळी मोठी अक्षरे आधी आणि सगळी लहान अक्षरे नंतर आहेत. त्यामुळे मोठ्या अक्षराने सुरू होणारा ‘झेब्रा’ लहान अक्षरातल्या ‘ॲपल’च्या आधी येतो. म्हणजे इंग्रजी कोशाचा क्रमसुद्धा ह्या आज्ञेला साधत नाही. इंग्रजीवाल्यांना ते तितके खुपत नाही, एवढेच.

देवनागरीच्या वाट्याला आलेले क्रमांक दुसऱ्या एका दप्तरातून आले. १९८८ साली भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ ह्या नावाचा एक सामायिक संकेत तयार झाला. ब्राह्मीपासून निघालेल्या लिप्यांत वर्णांची मांडणी एकसारखी आहे, ह्या योग्य निरीक्षणावर तो उभा होता. १९९१पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या युनिकोडने हीच मांडणी उचलली. तीत ‘ल’च्या लगेच नंतर ‘ळ’ आहे, मग द्रविड भाषांसाठीचा नुक्ता दिलेला ‘ऴ’, आणि त्यापुढे ‘व’. भगिनीभाषांना एका चौकटीत बसवायचे तर हे समजण्यासारखे आहे. आपल्या शाळेच्या तक्त्यावर मात्र ‘ळ’ हा ‘ह’च्या पुढे असतो, आणि त्याच्यामागून ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’. मराठीत ‘ळ’ने शब्द सुरू होत नाही म्हणून हा फरक चटकन जाणवत नाही, पण दुसऱ्या अक्षरापाशी तो उघडा पडतो. तक्त्याच्या क्रमाने पाहिले तर कल, कवच, कस, कहर, कळ. सॉर्टच्या क्रमाने कल, कळ, कवच, कस, कहर. ‘क्ष’ तर युनिकोडमध्ये स्वतंत्र वर्णच नाही. तो ‘क’, हलन्त आणि ‘ष’ अशा तीन क्रमांकांचा जोड आहे, त्यामुळे ‘क्षमा’ निमूटपणे ‘क’च्या घरात जाते.

सर्वांत मौजेची गत ‘ॲ’ची आहे. हा स्वर मराठीत रूढ असूनही त्याला युनिकोडमध्ये स्वतःचा क्रमांक २००८ साली मिळाला. तोवर देवनागरीच्या पट्टीत पुढच्या जागा भरून गेल्या होत्या; शिल्लक राहिली ती अंकांच्याही पलीकडची. परिणामी ह्या लेखाचा विषय असलेला ‘ॲरे’ हा शब्दच सॉर्टने लावलेल्या मराठी यादीत ‘हत्ती’च्या आणि ‘९’च्याही नंतर, रांगेच्या शेपटाला जाऊन बसतो. पुढच्याच वर्षी, ६ नोव्हेंबर २००९च्या शासननिर्णयाने, महाराष्ट्र शासनाने मराठी वर्णमालेच्या स्वरांत ‘ॲ’ आणि ‘ऑ’ ह्यांना मान्यता दिली. शाळेच्या तक्त्यावर स्वर, यंत्राच्या दप्तरी उपरा, अशी ही दुहेरी स्थिती.

जावास्क्रिप्ट वाचकाच्या संगणकात चालते. पाने तयार करून पाठवणाऱ्या संगणकावर त्या काळी पीएचपीचे राज्य होते. रासमुस लेरडॉर्फ यांनी १९९०च्या दशकाच्या मध्यास आपल्या खासगी पानासाठी काही साधने केली, त्यांतून ती वाढली. तिच्यात क्रम लावणाऱ्या आज्ञा एक नव्हे, डझनभर आहेत, आणि त्यांची नावे व्याकरणाच्या विद्यार्थ्याने अवश्य पाहावीत : सॉर्ट, आरसॉर्ट, एसॉर्ट, केसॉर्ट, यूसॉर्ट, यूकेसॉर्ट, नॅटसॉर्ट. मूळ धातू एकच. त्याला लागलेले एकेक अक्षर अर्थ फिरवते. ‘आर’ लागले की क्रम उलटा, ‘के’ लागले की खणातल्या ऐवजाऐवजी खणावरच्या खुणेने क्रम, ‘ए’ लागले की ऐवज हलला तरी त्याची खूण त्याच्याबरोबर राहते, ‘यू’ म्हणजे तुलना वापरणाऱ्याची स्वतःची, आणि ‘नॅट’ म्हणजे माणसाला स्वाभाविक वाटणारा क्रम, ज्यात दहावा भाग दुसऱ्याच्या आधी घुसत नाही. पाणिनीच्या अनुबंधांची आठवण व्हावी अशी ही योजना आहे, पण पाणिनीची शिस्त तिच्यात नाही. रांगेतल्या प्रत्येक ऐवजावर क्रिया करणारी आज्ञा आधी क्रिया मागते, मग रांग. चाळणी लावणारी आज्ञा आधी रांग मागते, मग क्रिया. अनेक हातांनी, गरजेनुसार, घाईने वाढलेल्या भाषेची ही लक्षणे आहेत. बोलभाषाही अशाच वाढतात.

पाणिनीचे नाव निघालेच आहे तर एक गोष्ट नोंदवू. माहेश्वर सूत्रांत वर्णांचा क्रम आपल्या वर्णमालेचा नाही. नियम थोडक्यात सांगता यावेत म्हणून वर्ण मुद्दाम निराळ्या क्रमाने लावले आहेत, इतके की ‘ह’ त्यांत दोनदा येतो. कार्य बदलले की क्रम बदलतो, हे आपल्या परंपरेला केव्हापासून ठाऊक होते. पीएचपीच्या डझनभर आज्ञांमागची जाणीव तीच आहे, फक्त भाषेच्या बाबतीत ती अपुरी पडली : वर्णाऐवजी बाइट मोजणाऱ्या त्या भाषेला युनिकोड शिकवण्याचा ‘पीएचपी ६’चा मोठा प्रयत्न २०१०मध्ये सोडून द्यावा लागला.

मधल्या काळात जावास्क्रिप्टमध्ये रांगा हाताळणाऱ्या उपयुक्त आज्ञांचे संग्रह निघाले. सॅम स्टीफन्सन यांचा ‘प्रोटोटाइप’ २००५चा, त्यानंतर ‘मूटूल्स’, २००९मध्ये जेरेमी ॲश्केनाझ यांचा ‘अंडरस्कोर’, मग ‘लोडॅश’. निवडा, गाळा, गोळा करा, एकत्र आटवा अशा क्रियांची ही परंपरा प्रोटोटाइपमध्ये रूबी भाषेतून आली, रूबीत स्मॉलटॉकमधून. २००९च्या डिसेंबरात भाषेच्या अधिकृत प्रमाणग्रंथाच्या पाचव्या आवृत्तीने त्यांतल्या काही पदरात घेतल्या. बोलीतले शब्द प्रमाणभाषेत येतात तसेच हे झाले, आणि तसाच तंटाही झाला. रांगेतल्या रांगा मोडून सपाट करणाऱ्या आज्ञेला ‘फ्लॅटन’ हे नाव द्यायचे ठरत होते. पण मूटूल्सने तेच नाव आधी वापरलेले असल्याने जुनी संकेतस्थळे बंद पडतील असे २०१८मध्ये दिसून आले. कोणीतरी थट्टेने ‘स्मूश’ हे नाव सुचवले आणि त्यावर बराच धुरळा उडाला. अखेरीस ‘फ्लॅट’ हे नाव ठरले. जुने पान मोडायचे नाही, हा जालाचा जवळजवळ धर्मनियम आहे. त्याचाच दुसरा अर्थ असा, की १९९६ साली सॉर्टला लागलेली सवय आता कोणालाही मोडता येणार नाही. तिच्यावर विसंबून असलेली असंख्य पाने जिवंत आहेत.

सवय मोडता येत नसली तरी तिला वळण लावता येते, ह्याचे एक उदाहरण गुणवत्ता यादीचे आहे. विद्यार्थ्यांची यादी आधी नावाने लावली आणि मग गुणांनी लावली, तर समान गुण मिळवलेल्यांचा आपसातला क्रम नावाचाच राहावा, ही आपली सहज अपेक्षा. ह्या गुणाला स्थैर्य म्हणतात. होअर यांच्या रितीत तो नसतो. गूगलच्या क्रोम न्याहाळकात २००८पासून दहा वर्षे अशी स्थिती होती, की दहापर्यंत ऐवज असतील तर एक रीत चाले आणि क्रम शाबूत राही. अकरावा आला की क्विकसॉर्ट सुरू होई आणि समान गुणांचे विद्यार्थी कसेही मागेपुढे होत. दहा नावांवर चाचणी घेणाऱ्याला सगळे ठीक दिसे आणि प्रत्यक्ष वर्गाची यादी बिघडे, हा प्रकार किती जणांना छळून गेला असेल! २०१८च्या ऑक्टोबरात क्रोमने ‘टिमसॉर्ट’ स्वीकारली. टिम पीटर्स यांनी २००२मध्ये पायथन भाषेसाठी रचलेली ही रीत आधीच लागलेल्या क्रमाचे तुकडे हुडकते आणि ते जोडत जाते. जे लागले आहे ते विनाकारण विसकटत नाही. २०१९च्या प्रमाणग्रंथाने स्थैर्य सक्तीचे केले, पीएचपीने ते २०२०मध्ये आपल्या आठव्या आवृत्तीत आणले. २०२३मध्ये जावास्क्रिप्टला ‘टूसॉर्टेड’ मिळाली. ती मूळ रांगेला हात न लावता लावलेली प्रत वेगळी देते. जुनी सॉर्ट मूळ रांगच बदलून टाकते. पोथीवरच दुरुस्त्या करणारा लेखनिक आणि पाठभेद वेगळे नोंदवणारा संपादक, असा तो फरक आहे.

भाषेचा प्रश्न सुटायला लागला तो निराळ्या वाटेने. क्रम हा अक्षरांच्या क्रमांकांत नसतो, तो प्रत्येक भाषेने आपापला ठरवलेला असतो, हे मान्य करून युनिकोड संस्थेने १९९०च्या दशकाच्या अखेरीस क्रमवारीचा स्वतंत्र नियमग्रंथ सिद्ध केला. २००३-०४पासून भाषावार नियमांचा ‘सीएलडीआर’ हा सामायिक कोश तयार होऊ लागला. १९९९च्या जावास्क्रिप्टमध्ये स्थानिक रीतीने तुलना करणारी आज्ञा होती, पण कोणत्या भाषेची रीत हे तिला सांगता येत नसे. ती सोय २०१२च्या डिसेंबरात झाली. आता ‘एम-आर’ ही मराठीची खूण दिली, की तुलना मराठीच्या नियमांनी होते आणि ‘ळ’ हा ‘ह’च्या पुढे आपल्या जागी जातो. सोळा वर्षांनी, केवळ दोन अक्षरांच्या खुणेने. तरीही खूण द्यायची आठवण हवी, आणि यंत्रापाशी ते नियम हवेत. नोड ही सर्व्हरवर चालणारी जावास्क्रिप्ट २०१९च्या ऑक्टोबरापर्यंत सहसा फक्त इंग्रजीचे नियम घेऊन येई. मराठी मागितली तर ती तक्रार करीत नसे, गुपचूप दुसराच क्रम लावून देई.

ह्यापुढचे काम यंत्राचे नाही. ‘कंठ’ हा शब्द कुठे ठेवायचा? बाराखडीप्रमाणे ‘कं’ हा ‘कौ’च्या नंतर येतो. क्रमांकांप्रमाणे अनुस्वार सगळ्या स्वरव्यंजनांच्या आधी आहे, म्हणून ‘कंठ’ हा ‘कच्चा’च्या पुढे जातो. परसवर्णाने ‘कण्ठ’ असा धरला तर तो ‘ण’च्या ओळीत गेला पाहिजे. तिन्हींच्या बाजूने बोलता येईल, आणि सामायिक कोशाने त्यांतला एक मार्ग धरलेलाच आहे. तो धरल्यावाचून तुलना होऊच शकत नाही. त्या कोशात बदल सुचवण्याची वाट कोणालाही मोकळी आहे. आजवर हे निर्णय प्रामुख्याने अभियंत्यांच्या टेबलावर झाले, त्यात त्यांचा दोष आम्हांला दिसत नाही. मराठी विभागांतून कोशरचना शिकवताना ‘सूची लावणे’ हा विषय आपण अर्ध्या तासिकेत उरकतो, त्याचा दिसतो.

आणि ‘ॲ’ अजूनही दोन आहेत. २००८च्या आधीच्या मजकुरात तो ‘अ’वर चंद्र देऊन लिहिलेला असतो, नंतरच्या मजकुरात स्वतंत्र क्रमांकाने, कोणता उमटेल हे पुष्कळदा लिहिणाऱ्याच्या कळफलकावर ठरते. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, पण युनिकोडच्या समरूपतेच्या नियमांत ती दोन रूपे एक मानलेली नाहीत. क्रमांकांवर चालणाऱ्या सॉर्टने लावलेल्या एखाद्या मोठ्या मराठी शब्दसूचीत ‘ॲरे’ शोधणाऱ्याने म्हणून दोनदा पाहावे : एकदा ‘अ’च्या घराच्या शेवटी, आणि एकदा आकड्यांच्या पलीकडे.